दोन रेघा, चार रेघा

ताज्या बर्फावरून गाडी सरळ गेली की मागे दोनच रेघा उमटतात. चाकं चार, पण मागची चाकं पुढच्यांनी केलेल्या खुणेतूनच जातात. वळणावर मागची चाकं किंचित आतून जातात, तेवढ्यापुरत्या रेघा जाडसर दिसतात. आणि जिथे गाडीची मागची बाजू सुटते, तिथे दोनाच्या चार होतात. मागच्या दोन रेघा पुढच्यांपासून फुटतात, थोडा वेळ तिरक्या चालतात, आणि हात वेळेवर वळले असतील तर परत येऊन मिळतात.

गेले नऊ हिवाळे मी गाडीतून उतरले की आधी मागे वळून या रेघा बघते. सवयच झाली आहे. गाडी चालवताना आपल्याला काय काय वाटत असतं, पण रेघा खरं काय घडलं ते सांगतात. मला वाटलेलं असतं की त्या वळणावर गाडी चांगली हातभर सरकली. रेघा बघाव्यात तर जेमतेम चार बोटं. कधी याच्या उलटही असतं, आणि तेव्हा पोटात गोळा येतो.

माझी गाडी दोन माणसांची, बुटकी, इंजिन पुढे आणि ताकद फक्त मागच्या चाकांना. गिअर हाताने टाकायचे. पहिल्या थंडीच्या आधी ओळखीतल्या जवळजवळ प्रत्येकाने मला सांगितलं होतं की ही झाकून ठेव आणि चार महिने दुसरी काहीतरी चालव. दुसरी गाडी घेण्याची ऐपत तेव्हा नव्हती. पुढे ती आली, पण तोवर मला ही गाडी हिवाळ्यातच जास्त आवडायला लागली होती.

पुढच्या चाकांना ताकद असलेली गाडी स्वतःला ओढत नेते, आणि माझी स्वतःला मागून ढकलत नेते. हातगाडी ढकलणाऱ्या माणसाकडे नीट पाहिलं तर यातला फरक कळतो. ओढताना गाडा आपोआप मागे सरळ येत राहतो. ढकलताना पुढचं तोंड जरा वाकडं झालं, की पुढचा प्रत्येक रेटा ते आणखी वाकडं करतो. बर्फावर मागच्या चाकांची गाडी फिरते ती यामुळेच. पण ढकलण्यात एक सुखही आहे. पुढच्या चाकांना फक्त वळायचं काम उरतं. त्यांच्यावर ओढण्याचा भार नसल्यामुळे स्टिअरिंग हातात अगदी स्वच्छ बोलतं. रस्ता किती धरतो आहे, कुठे धरणं सोडतो आहे, हे तळहाताला कळतं. आणि मागच्या चाकांचं जे काही चाललेलं असतं ते कमरेला कळतं. डोळ्यांना कळायच्या आधी कळतं. गाडीत बसण्याची जागा मागच्या आसाच्या इतकी जवळ आहे की चाकं एक बोटभर जरी सरकली तरी ते मणक्याच्या खालच्या टोकाशी जाणवतं.

पहिल्या हिवाळ्यात मात्र मला यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि मी एक मोठी चूक केली. ताकद मागच्या चाकांना आहे ना, मग हिवाळी टायर मागच्याच दोन चाकांना पुरेत, असा हिशेब केला. पुढे उन्हाळी टायर तसेच ठेवले. पहिल्या बर्फात गाडी जागेवरून इतकी झकास निघाली की मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं. दोनशे मीटरवर पहिलं वळण आलं. मी स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी सरळ गेली. अजून फिरवलं, गाडी अजून सरळ गेली. वेग माणसाच्या धावण्याइतकाच होता, त्यामुळे मऊ बर्फाच्या ढिगात नाक खुपसून गाडी थांबली आणि काही मोडलं नाही. पण काच, वायपर आणि त्यापलीकडे फक्त पांढरं, हे दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे.

रबराचं साधं गणित आहे. उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक व्हायला लागतं. शून्याच्या बरंच खाली ते जवळजवळ प्लास्टिकसारखं वागतं. हिवाळी टायरचं मिश्रणच वेगळं असतं, ते थंडीतही मऊ राहतं. शिवाय त्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर सुरीने कापल्यासारख्या बारीक चिरा असतात. टायर जमिनीला टेकला की त्या उघडतात आणि त्यांच्या असंख्य कडा बर्फात रुततात. सगळ्यात गंमत मला एका गोष्टीची वाटते. टायरच्या खाचांमध्ये बर्फ घट्ट भरून राहतो, आणि तो राहायलाच हवा असतो. रबरापेक्षा बर्फाला बर्फ जास्त धरतो. हातात बर्फाचा गोळा वळताना आपण तेच तर करत असतो.

ही कला जुनी आहे. फिनलंडमधल्या ज्या कारखान्याचं नाव पुढे नोकियन झालं, त्याने १९३४ मध्ये ट्रकसाठी हिवाळी टायर बनवला आणि १९३६ मध्ये मोटारींसाठी हाक्कापेलिटा आणला. ते नाव आजही टायरवर आहे. टायरच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत हिमकण, असं एक चिन्ह असतं. बर्फावरच्या पकडीची चाचणी पार केल्याशिवाय ते लावता येत नाही. नुसती एम आणि एस (चिखल आणि बर्फ यांच्या इंग्रजी नावांची) ही अक्षरं असली तर त्यावर विसंबू नये, ती केवळ खाचांच्या रचनेबद्दल सांगतात. खाच किती खोल उरली आहे हेही बघावं. ऑस्ट्रियाच्या कायद्यात ४ मिलिमीटरहून कमी खोलीचा हिवाळी टायर हिवाळी मानलाच जात नाही. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो, कारण ४ च्या खाली पकड कशी झपाट्याने जाते हे मी स्वतः अनुभवलं आहे.

आता चारही चाकांना एकसारखे हिवाळी टायर असतात. उन्हाळ्यात २१५ मिलिमीटर रुंदीचे, हिवाळ्यात १९५ चे. स्पोर्ट्स कारला अरुंद टायर लावताना हात कचरतो, दिसायलाही ती जरा किरकोळ दिसते. पण रुंद टायर भुसभुशीत बर्फावर तरंगायला बघतो, आणि अरुंद टायर तोच भार कमी जागेत देऊन बर्फ कापत खालपर्यंत जातो. दर हिवाळ्याच्या तोंडाशी चाकं बदलताना मी प्रत्येक चाकाचा नट हाताने थोडा आवळते आणि मगच पाना लावते. हवासुद्धा थंडीत मोजायची. तापमान १० अंशांनी उतरलं की टायरमधली हवा साधारण ०.१ बारने उतरते.

आणखी एक गैरसमज घालवायला मला बराच वेळ लागला. चारही चाकांना ताकद असलेल्या गाड्या माझ्या शेजारून चढावर भर्रकन निघून जायच्या आणि मला हेवा वाटायचा. त्या निघतात माझ्यापेक्षा चांगल्या, यात शंकाच नाही. पण थांबताना प्रत्येक गाडीची चारही चाकं ब्रेक लावत असतात, ताकद कुठल्याही चाकांना असो. कोरड्या डांबरावर घर्षणांक, म्हणजे पकडीचं माप, साधारण ०.८ धरतात. दाबलेल्या बर्फावर तो ०.२ च्या आसपास येतो, आणि काचेसारख्या गुळगुळीत बर्फावर ०.१ किंवा त्याहून खाली. ताशी ५० किलोमीटर वेगात ब्रेक दाबला तर पहिल्या ठिकाणी सुमारे १२ मीटरमध्ये थांबता येतं, दुसऱ्या ठिकाणी ५० मीटर लागतात, तिसऱ्या ठिकाणी शंभर. मेंदूने पायाला निरोप देईपर्यंतचं अंतर आणखी वेगळं. हे आकडे सगळ्यांना सारखेच लागू आहेत. फरक एवढाच की मला ते दर चौकात, गाडी हलवताक्षणी आठवतात. जरा जास्त रेस दिली की मागचं चाक लगेच फिरून सांगतं, आज ०.२ चा दिवस आहे. जी गाडी न कुरकुरता निघते, तिच्या चालकाला ही खबर पहिल्या ब्रेकला मिळते.

आपल्याकडे बर्फ हा एकच शब्द. पेल्यातलाही बर्फ आणि आकाशातून पडतो तोही बर्फ. हिम म्हटलं तर ते कवितेत जातं. या गाडीने मला त्या एका शब्दाचे तुकडे करायला लावले. नुकता पडलेला, कोरडा, भुशासारखा उडणारा बर्फ मला सगळ्यात आवडतो. तो चाकांखाली कुरकुरतो, आणि आवाज जितका कोरडा तितकी थंडी जास्त आणि पकड चांगली. मग गाड्यांनी दाबून दाबून टणक केलेला बर्फ. तो दिसायला सारखा, पण चौकांच्या आधी, जिथे सगळे ब्रेक लावतात, तिथे घासून चकचकीत झालेला. मग रेंदा: अर्धा वितळलेला, राखाडी, जड. याच्यात चाकाची एक बाजू अडकली की गाडी त्या बाजूला ओढली जाते, आणि लेन बदलताना मधला रेंद्याचा बांध ओलांडायचा असतो तेव्हा तर हात अगदी शांत लागतात. आणि शेवटचा तो, जो दिसतच नाही. ओल्या डांबरावर धरलेला पातळ, पारदर्शक थर.

थंडी जितकी जास्त तितका रस्ता निसरडा, असं मला आधी वाटायचं. खरं उलट आहे. उणे २० ला बर्फ बराच धरतो. सगळ्यात वाईट म्हणजे शून्याच्या आसपास, जेव्हा त्याच्या पाठीवर पाण्याचा पातळ थर असतो. म्हणून हवामानाचा अंदाज बघताना मला उणे १५ वाचून धीर येतो आणि "शून्य, हलका पाऊस" वाचून मी चपला काढून परत घरात बसते.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचा आणि बर्फाचा इतिहास वाचला की माझ्या गाडीकडे बघण्याची नजर बदलते. माँटे कार्लो रॅली जानेवारीत, आल्प्सच्या घाटांतून होते. एका वळणावर कोरडं डांबर, पुढच्यावर बर्फ. ती रॅली १९६८ मध्ये विक एलफर्डने पोर्शे ९११ मधून जिंकली, आणि १९६९ व १९७० मध्ये ब्योर्न वाल्डेगार्डने, तीही ९११ मधूनच. ९११ ची ताकद मागच्या चाकांना, आणि इंजिनही मागच्या आसाच्या पाठीमागे. इंजिनाचं सगळं वजन ढकलणाऱ्या चाकांवर बसलेलं असतं, त्यामुळे चढावर ती बर्फ धरते. तेच वजन वळणात एकदा बाहेर निघालं की मात्र लोलकासारखं जातं. १९८० मध्ये ऑडीने चारही चाकांना ताकद असलेली क्वाट्रो आणली आणि रॅलीचं जग तशा गाड्यांकडे वळलं. तरी १९८३ मध्ये वाल्टर र्‍योर्लने माँटे कार्लो जिंकली ती लान्चिया ०३७ मधून. त्या वर्षीचं कारखान्यांचं जागतिक विजेतेपदही तिनेच नेलं. फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं ते शेवटचं विजेतेपद. हे सगळे जगातले निवडक हात होते, आणि त्यांच्यासाठी रस्ते बंद केलेले होते. माझा त्यांच्याशी काही संबंध नाही. तरी घाटातल्या रात्री, हेडलाइटच्या उजेडात तिरकी जाणारी ९११ बघितली की मला आपलं माणूस दिसल्यासारखं होतं.

माझ्या गाडीचं वजन पुढे-मागे जवळजवळ सारखं विभागलेलं आहे. दुसऱ्या हिवाळ्यात मी डिकीत वाळूची पोती ठेवून बघितली, चाळीसेक किलो. मागच्या चाकांवर भार आला, निघताना फायदा झाला. पण या गाडीची डिकी आसाच्या पाठीमागे लोंबते, म्हणजे मी माझ्या हाताने लोलक तयार केला होता. शिवाय थांबवायलाही तेवढं जास्त वजन. आठवड्याभरात पोती काढली. आता पेट्रोलची टाकी भरलेली ठेवते, आणि एक छोटी पिशवी वाळूची असते ती चाकाखाली टाकायला. सोबत फावडं, जाड हातमोजे, घोंगडी, टॉर्च.

चालवण्याबद्दल मला जे कळलंय त्यातलं बरंचसं "हळू" या शब्दात आहे, पण तो वेगाचा हळू नव्हे, हातापायांचा. टायरजवळ पकड ओंजळभरच असते. त्यातलीच वळायला द्यायची, त्यातलीच थांबायला, त्यातलीच वेग घ्यायला. कोरड्या रस्त्यावर ओंजळ मोठी असते म्हणून दोन कामं एकदम केलेली खपतात. बर्फावर खपत नाहीत. म्हणून ब्रेक सरळ रस्त्यावर, वळणाच्या बराच आधी. मग पाय काढून वळायचं. आणि स्टिअरिंग सरळ व्हायला लागलं की मगच, अंगठ्याने पान उलटावं इतक्या हलकेपणाने रेस. निघायचं ते दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच अर्धा धरून. गिअर खाली टाकताना क्लच धाडकन सोडला तर इंजिनाचा अडसर फक्त मागच्या चाकांवर येतो, आणि हँडब्रेक ओढल्यासारखी मागची बाजू सुटते. त्यामुळे क्लच सोडण्याआधी रेसने इंजिनाचे फेरे वर आणून जुळवून घ्यावे लागतात.

लोकांना वाटतं ही गाडी म्हणजे सतत मागून घसरणार. खरं तर बर्फात जास्त वेळा ती पुढून घसरते, वळायलाच तयार होत नाही. तेव्हा माणूस घाबरून स्टिअरिंग आणखी फिरवतो, आणि आडवी झालेली चाकं आणखीच फरफटतात. करायचं ते उलट. स्टिअरिंग थोडं सैल सोडायचं, थांबायचं, टायरला धरू द्यायचं. त्या अर्ध्या सेकंदात काहीही न करणं हे मला आजवर जमलेल्या अवघड गोष्टींपैकी एक आहे.

गाडीत मदतनीस आहेत. ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारं बॉशचं एबीएस १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आलं. गाडी फिरायला लागली की एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला सावरणारी यंत्रणा १९९५ मध्ये बॉश आणि मर्सिडीजनेच आणली. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत ती सक्तीची आहे. रस्त्यावर मी ती कधीच बंद करत नाही. ती बंद करण्याला जे शौर्य समजतात त्यांच्याशी माझं जमत नाही, रस्त्यावर इतरांची मुलं असतात. एकाच प्रसंगी बंद करते, गाडी रुतल्यावर. कारण चाक फिरलं की यंत्रणा इंजिनाची ताकद तोडते, आणि रुतलेल्या गाडीला पुढे-मागे झोके देत बाहेर काढायचं तर चाक थोडं फिरावंच लागतं. इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटून देतं ते डिफरन्शियल. माझ्या मागच्या आसात लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल आहे, म्हणजे एकच चाक गरगरू न देणारं; त्याचे उपकार तिथे कळतात. साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही चाकांना सारखाच जोर जातो, आणि तो किती जाणार हे ज्या चाकाची पकड कमी ते ठरवतं. एक चाक बर्फावर नुसतं गरगरत राहतं आणि दुसरं कोरड्या डांबरावर उभं असूनही हलत नाही.

आणि हे सगळं माहीत असूनही चौथ्या हिवाळ्यात माझी गाडी फिरली.

संध्याकाळी पाऊस पडून गेला होता, रात्री आकाश मोकळं झालं होतं. गाडीतलं तापमान १ दाखवत होतं. रस्ता ओला, काळा, चमकत होता. पुढच्या गाडीच्या चाकांमागे पाण्याचे तुषार उडत होते आणि टायरचा तो ओला सुस्स आवाज येत होता. मग पूल आला, वळता पूल. पुलाला खालूनही वारा लागतो, जमिनीची ऊब नसते, म्हणून तो रस्त्याच्या आधी गोठतो. पुलावर शिरताक्षणी दोन गोष्टी झाल्या होत्या, मला त्या नंतर आठवल्या. पुढच्या गाडीमागचे तुषार थांबले. आणि माझ्या टायरचा आवाज बंद झाला. एकदम शांत. ती शांतता मी ऐकली आणि तिचा अर्थ मला लागला नाही. पुढे लाल दिवे लागले आणि मी रेसवरून पाय झटकन उचलला.

तेवढंच पुरलं. पाय उचलताच वजन पुढे गेलं, मागची चाकं हलकी झाली, आणि इंजिनाने त्यांना रोखून धरलं. मागची बाजू डावीकडे निघाली. हातांनी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं, गाडी थबकली, आणि परत यायला लागली. तिथे मी सुटकेचा श्वास घेतला. तो श्वास चुकला. पहिला हेलकावा माणसाला सावरता येतो, फिरवतो तो दुसरा. परत येताना गाडीने साठवलेलं सगळं घेऊन ती उजवीकडे जाते, आणि तोवर स्टिअरिंग सरळ करून ठेवलेलं नसेल तर आपणच तिला ढकलून देतो. माझे हात अजून डावीकडेच होते. दिवे, कठडा, काळोख, परत दिवे. गाडी कठड्यापासून हातभर अंतरावर, आलेल्या दिशेकडे तोंड करून थांबली. इंजिन बंद पडलं होतं. हीटरचा पंखा तेवढा चालू होता.

मागून येणारी गाडी लांब होती आणि सावकाश येत होती. कोणाला काही झालं नाही. मी उतरले, पुलाच्या टोकापर्यंत चालत गेले, जाताना दोनदा घसरले. सवयीने खाली बघत होते. तिथे एकही रेघ उमटली नव्हती. एवढं सगळं घडून गेलं आणि रस्त्यावर त्याची काही खूण नव्हती.

त्यानंतर जवळजवळ महिनाभर मी प्रत्येक पुलावर श्वास धरून जायचे. गाडी विकायचा विचार तेव्हाच एकदा खरोखर आला. विकली नाही, कारण चूक गाडीची नव्हती हे मला माहीत होतं. तिने आवाज बंद करून सांगितलं होतं. आता शून्याच्या आसपास मी रेडिओ लावत नाही, टायर ऐकत जाते.

काही दिवस ती जातच नाही. पोट जमिनीपासून जेमतेम १३ सेंटिमीटर वर. वीसेक सेंटिमीटर बर्फ पडला की ती होडीसारखी त्यावर बसते आणि चाकं नुसती फिरतात. त्या दिवशी मी जात नाही. घरापुढचा चढ न चढल्यामुळे कितीतरी रात्री तिला खाली सोडून चालत वर आले आहे. हँडब्रेक न ओढता, गिअरमध्ये टाकून, कारण ओढलेला हँडब्रेक सकाळपर्यंत गोठून बसतो.

आणि मीठ. रस्त्यावर टाकलेलं मीठ पाण्याचा गोठणबिंदू खाली नेतं, पण साधारण उणे १० च्या खाली साधं मीठ फारसं काम करत नाही. गाडीचा पत्रा खाण्याचं काम मात्र ते जिथे ओल असेल तिथे करत राहतं, दाराच्या खालच्या पोकळीत, सायलेन्सरच्या कड्यांवर, ब्रेकच्या नळ्यांवर. शून्याच्या वर जाणारा प्रत्येक दिवस मी गाडीला खालून धुण्यात घालवते. गुडघे ओले, बोटं बधिर, नळी धरून चाकांच्या कमानींमधून राखाडी पाणी वाहताना बघत. पाणी निचरायची भोकं काडीने मोकळी करते. गेल्या वर्षी डाव्या बाजूला पहिला गंज सापडला, नखाएवढा. खरवडला, रंग लावला, त्यावर मेण चढवलं. रात्री झोप नीट लागली नाही.

लेकीला यंदा लायसन्स मिळालं. पहिला मोठा बर्फ पडला त्या रविवारी ओळखीच्यांची मोठी मोकळी जागा मागून घेतली, चारी बाजूंना काही नाही, ना खांब ना झाड. तिला चालवायला दिली आणि मी शेजारी बसले. या सीटवर मी नऊ वर्षांत क्वचितच बसले असेन. इथूनही कमरेला तेच कळतं, फक्त हातात काही नसतं.

पहिल्या फेरीत गाडी वळलीच नाही. "आई, ही ऐकत नाहीये." मी म्हटलं, "अगं, सैल सोड जरा." तिने सोडलं नाही, अजून फिरवलं. तिसऱ्या फेरीत सोडलं, आणि पुढची चाकं धरल्याचा तो छोटासा हिसका आम्हा दोघींना एकदमच जाणवला. मग तिला गोल फिरत हळूहळू रेस वाढवायला सांगितलं. मागची बाजू निघाली. तिने पाय उचलला, गाडी गर्रकन फिरून थांबली. पुन्हा. पुन्हा. सहाव्या की सातव्या वेळी मागची बाजू निघाली आणि ती गप्प झाली. हात डावीकडे गेले, पाय तिथेच राहिला, आणि गाडी परत यायला लागताच, ती अर्ध्यावर असतानाच, तिचे हात सरळ झाले होते. दुसरा हेलकावा आलाच नाही.

"तुला कसं कळलं आता सरळ करायचं?"

ती जरा विचार करून म्हणाली, "माहीत नाही गं. खालून कळलं."

आम्ही उतरलो. ती पुढे आणि मी मागे, वाकून खुणा बघत चाललो. अर्ध्या मैदानभर गोल गोल गिरवलेलं होतं, पण ती शेवटची वेळ ओळखू आली. दोन रेघा येत होत्या, फुटून चार झाल्या, गाडीच्या लांबीएवढ्या तिरक्या चालल्या आणि मिळाल्या. रेघा मिळाल्या ती जागा तिने बुटाच्या टोकाने दाखवली. बर्फ पुन्हा पडायला लागला होता, बारीक, कोरडा, आणि सुरुवातीच्या गोलांच्या कडा आताच बुजत होत्या.

"अजून एकदा?" तिने विचारलं. किल्ली तिच्याच हातात होती.